आयएल-८ आणि न्यूट्रोफिल: ट्रान्सवेलमध्ये पेशी उतरतात, पण हाकेमुळे की नुसत्या चुळबुळीमुळे?

पेशीगणक (धागाकर्ता)

दाहाच्या संदेशवाहक रेणूंमुळे पांढऱ्या पेशी रक्तातून ऊतीत कशा पोचतात, याच्या आकृत्या सगळीकडे मिळतात. तोच प्रकार प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये मोजायला घेतला की आकडे अडतात. आधी कृती मांडतो, मग तीन शंका.

कृती: २४ वेलची प्लेट, ६.५ मिमी व्यासाचे पॉलिकार्बोनेट इन्सर्ट (तळाला सच्छिद्र पटल असलेले कप, हेच ट्रान्सवेल), छिद्र ३ मायक्रॉन. खाली ६०० मायक्रोलिटर आरपीएमआय (पेशींचं माध्यम), त्यात ०.५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), २५ मिलिमोलर हेपेस बफर आणि आयएल-८ (नव्या नावाने सीएक्ससीएल-८; न्यूट्रोफिलना बोलावणारा दाहाचा संदेशवाहक). वर १०० मायक्रोलिटरमध्ये ५ लाख मानवी न्यूट्रोफिल (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी). ३७ अंशांवर ६० मिनिटं. मग इन्सर्ट उचलून खालच्या पेशी मोजायच्या.

शंका १: खाली नुसतं माध्यम असलेल्या वेलमध्येही (म्हणजे कंट्रोलमध्ये) १५ ते २० टक्के पेशी उतरतात, आणि आयएल-८ असलेल्या वेलमध्ये ३५ टक्के. दुपटीच्या आसपासच. असं का?

शंका २: १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीला जितक्या उतरतात, त्यापेक्षा ५०० ला कमी. जास्त संदेश म्हणजे जास्त पेशी, असं का होत नाही?

शंका ३: खाली टीएनएफ-अल्फा ठेवला तर आकडा जेमतेम हलतो. दाहातला एवढा मोठा दादा, मग त्याला कुणी ओ का देत नाही?

रक्तबिंदू

पहिल्या शंकेचं मूळ इन्सर्टमध्ये नाही, त्याआधीच्या दोन तासांत शोधा. न्यूट्रोफिल काढतानाच बिथरले असतील तर पुढे त्यांना हाक मारा न मारा, ते फिरत राहणार.

साधारण पद्धत अशी. रक्त १० मिली. पहिल्या पायरीत ३ टक्के डेक्स्ट्रान-५०० (०.९ टक्के सलाइनमध्ये) समभाग मिसळून २० ते ३० मिनिटं स्थिर ठेवायचं, तांबड्या पेशी खाली बसतात. वरचा थर १.०७७ घनतेच्या फायकॉल या जड द्रावणावर हलक्या हाताने चढवायचा, ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. न्यूट्रोफिल तळाला उरलेल्या तांबड्या पेशींबरोबर येतात. तिथे ०.२ टक्के सलाइन २० ते ३० सेकंद, लगेच तेवढंच १.६ टक्के सलाइन, म्हणजे बेरीज पुन्हा ०.९ वर येते. हे ३० सेकंद घड्याळ लावून मोजायचे. मिनिटभर गेलं तर न्यूट्रोफिलही फुगतात, त्यातले काही फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर पडतो आणि पेलेटचा चिकट गोळा होतो. गोळा झाला की पिपेटने वरखाली करून सोडवत बसू नका. ती तुकडी सोडून द्या.

बिथरवणाऱ्या गोष्टी, जास्त त्रास देणारी आधी: व्हॉर्टेक्स. ४ अंशांवरून थेट ३७ अंशांवर उडी. काचेची नळी. पेलेट फोडताना बारीक टिप. माध्यमातलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भिंतीतलं विष, म्हणजे एलपीएस). आणि वेळ: रक्त काढल्यापासून चार तासांत प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेलेली बरी.

तपासणी सोपी आहे. काढलेल्या पेशींचा थोडा भाग फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) सीडी६२एल आणि सीडी११बी या पृष्ठभागावरच्या प्रथिनांसाठी लावा, शेजारी त्याच दात्याचं न हाताळलेलं रक्त. शांत पेशीवर सीडी६२एल भरपूर, सीडी११बी कमी. सीडी६२एल गळून गेलं असेल आणि सीडी११बी चढलं असेल तर त्या पेशींवर केलेल्या स्थलांतराच्या प्रयोगाला अर्थ नाही. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) ९७ टक्के जिवंत दाखवेल आणि तरीही पेशी बिथरलेल्या असतील. जिवंत असणं आणि शांत असणं वेगवेगळं.

अवांतर, पण आपल्याकडे महत्त्वाचं: फायकॉलची १.०७७ ही घनता २० अंशांच्या आसपासची आहे. एप्रिल-मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ३४ अंशांवर ती कमी होते, आणि वर थांबायला हवेत असे लिम्फोसाइट तळाच्या पेलेटमध्ये उतरतात. शुद्धता घसरली की आधी खोलीतला थर्मामीटर बघा. सेंट्रिफ्यूजही २० वर लावा.

शून्य_अंश

वरच्याला जोड. ईडीटीएच्या (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं रसायन) नळीतलं रक्त असेल तर शेवटची दोन धुणी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या एचबीएसएस या क्षारांच्या द्रावणामध्ये, आणि प्लेटमध्ये टाकण्याआधी दोन्ही असलेल्या माध्यमात. काढताना दोन्ही नको, कारण पेशी एकमेकींना चिकटतात. धावताना दोन्ही हवेत, कारण इंटेग्रिन त्यांच्याशिवाय पकडच घेत नाहीत. उरलेला ईडीटीए प्लेटमध्ये गेला तर सगळेच आकडे पडतात आणि दोष आयएल-८ च्या कुपीला दिला जातो.

हेपरिनचं रक्त घेत असाल तर धुण्यात कंजूषी नको. आयएल-८ हेपरिनला चिकटतं.

बाकावरून

छिद्र ३ मायक्रॉनच का? ५ च्या इन्सर्टची पाकिटं बऱ्याच ठिकाणी पडून असतात, ती चालणार नाहीत का?

उतार

चालतील, पण कंट्रोल वाढेल. न्यूट्रोफिलचं केंद्रक खंडित असतं, त्यामुळे ३ मायक्रॉनच्या भोकातून तो अंग चोरून जातो. त्यासाठी त्याला जोर लावावा लागतो, आणि तेच आपल्याला हवंय. ५ मधून तो सहज घरंगळतो. ५ मायक्रॉन मोनोसाइट आणि लिम्फोसाइटसाठी ठेवा. ८ मायक्रॉन मॅक्रोफेजसारख्या थोराड पेशींसाठी. न्यूट्रोफिल ८ वर टाकणं म्हणजे चाळणीतून मोहरी सोडण्यासारखं आहे.

भोकांची संख्याही बघा. ३ मायक्रॉनच्या पटलावर चौरस सेंमीला साधारण २० लाख, ५ च्या पटलावर ४ लाख. ६.५ मिमीच्या इन्सर्टचं क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंमी, म्हणजे अनुक्रमे ६.६ लाख आणि १.३ लाख भोकं. वर पेशी ५ लाख. दुसऱ्या बाबतीत एका भोकामागे चार पेशी, म्हणजे रांग लागते.

आता शंका २. त्याआधी उताराचं, म्हणजे ग्रेडियंटचं गणित करू. बरेच जण ते न करताच इन्क्युबेशन चार तासांवर नेतात.

आयएल-८ चं ७२ अमिनो आम्लांचं रूप साधारण ८.४ किलोडाल्टनचं. एवढ्या प्रथिनाचा पाण्यातला प्रसरण गुणांक ३७ अंशांना धरू १४० चौरस मायक्रॉन प्रति सेकंद. पटल १० मायक्रॉन जाड. ते ओलांडायला रेणूला सेकंदही लागत नाही. मग उतार टिकतो कुठे? पटलाच्या वरच्या आणि खालच्या द्रवात. वर १०० मायक्रोलिटर म्हणजे ३ मिमी उंचीचा स्तंभ. तो पूर्ण भरायला नऊ तासांच्या घरात वेळ लागतो, पण उतार त्याच्या कितीतरी आधी सपाट व्हायला लागतो.

खाली १०० नॅनोग्रॅम, वर शून्य. पटलापाशी मध्यावर ५० राहतं. १० मायक्रॉन लांबीच्या पेशीच्या पुढच्या आणि मागच्या टोकात किती फरक पडतो ते बघा: दहाव्या मिनिटाला जवळपास १.८ टक्के, तासाभराने ०.८ टक्के, चार तासांनी ०.४ टक्के. न्यूट्रोफिलला ओळखू येणारा किमान फरक १ टक्क्याच्या आसपासचा. म्हणजे तासाभरानंतर वरची पेशी जवळजवळ आंधळी झालेली असते, आणि त्यापुढे उतरणारी प्रत्येक पेशी तुमच्या कंट्रोलमध्येही उतरली असती. हे गणित द्रव निश्चल धरून आहे. प्लेट उचलली, हलवली की परिस्थिती याहून वाईट.

म्हणून न्यूट्रोफिलसाठी ३० ते ६० मिनिटं. टी पेशी हळू, त्यांना दोन-तीन तास द्यावेच लागतात आणि तिथे कंट्रोल चढणारच, हे मान्य करून चालायचं.

उतार

आधीच्या प्रतिसादात ५०० चं राहिलं.

पेशी बाहेरची मात्रा मोजत नाही, किती रिसेप्टर (संदेश पकडणारी पृष्ठभागावरची प्रथिनं) भरलेत ते मोजते. आयएल-८ ची रिसेप्टरशी बांधणी साधारण २ नॅनोमोलरला अर्धी भरते असं धरा. खाली १०० असताना पटलापाशी ५० नॅनोग्रॅम, म्हणजे ६ नॅनोमोलर. पाऊण रिसेप्टर भरलेले. खाली ५०० असताना पटलापाशी २५०, म्हणजे ३० नॅनोमोलर. १०० पैकी ९४ भरलेले. पुढचं टोक काय नि मागचं काय, दोन्हीकडे घर फुल्ल. बाहेर तोच १ टक्का फरक असला तरी भरलेल्या रिसेप्टरमधला फरक पहिल्याच्या एक तृतीयांशावर येतो.

त्यात भर असंवेदनाची. जीआरके किनेझ रिसेप्टरवर फॉस्फेट लावतात, बीटा-अरेस्टिन येऊन चिकटतं, रिसेप्टर आत ओढला जातो. आयएल-८ चे रिसेप्टर दोन. सीएक्ससीआर-२ कमी मात्रेतच आणि झटकन आत जातो, परत यायला वेळ लावतो. सीएक्ससीआर-१ जास्त मात्रा सहन करतो. म्हणून आयएल-८ चा आलेख घंटेच्या आकाराचाच येतो. घंटा आली नाही आणि रेघ वरवरच चढत राहिली, तर मला मात्रेच्या कुपीवर संशय येईल.

एकच मात्रा लावून "आमच्या औषधाने स्थलांतर वाढलं" असं लिहू नये ते याचसाठी. तुम्ही घंटेच्या उजव्या उतारावर असाल, तर रिसेप्टर थोडे अडवणारं औषधही आकडा वाढवून दाखवेल.

बाकावरून

कुपीचा विषय निघालाच आहे तर: १० मायक्रोग्रॅमची कुपी, ती कशात विरघळवायची?

शून्य_अंश

आधी कुपी मिनिटभर फिरवून घ्या, पूड झाकणाला चिकटलेली असते. १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पाणी किंवा पीबीएस, त्यात ०.१ टक्के बीएसए. झाला १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचा स्टॉक. ५-५ मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला. एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. वापरताना १:१०००, पण दोन पायऱ्यांत: आधी १:१०, मग १:१००. अर्धा मायक्रोलिटर थेट उचलणाऱ्याचा पिपेट कितीही महाग असला तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

बीएसए का, तर केमोकाइन (आयएल-८ सारखे पेशींना बोलावणारे रेणू) धन भाराचे आणि चिकट. बीएसए नसलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या नळीत १० नॅनोग्रॅमचं द्रावण अर्धा तास ठेवलं तर त्यातलं बरंचसं भिंतीवर गेलेलं असतं. कमी मात्रेचे बिंदू शून्यावर पडतात आणि घंटा उजवीकडे सरकल्यासारखी दिसते. बीएसए मात्र कमी एंडोटॉक्सिनचं घ्या. साध्या बीएसएतलं एलपीएस तासाभरात न्यूट्रोफिलला बिथरवतं, म्हणजे पुन्हा शंका १ वर आलो.

लेबल नीट वाचा. आयएल-८ ची ७२ आणि ७७ अमिनो आम्लांची दोन रूपं विकत मिळतात. ७७ चं मुख्यतः रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी सोडतात आणि ते न्यूट्रोफिलवर कमी तीव्र असतं. कुपी बदलली आणि घंटेचं टोक सरकलं, तर आधी हे तपासायचं. उंदराच्या पेशी असतील तर प्रश्नच वेगळा. उंदराला आयएल-८ नाहीच. तिथे सीएक्ससीएल-१ (जुनं नाव केसी) किंवा सीएक्ससीएल-२ वापरतात.

तिरकी_चाल

सगळे प्रतिसाद उपयोगाचे आहेत, पण मूळ शीर्षकाला अजून कुणी हात घातलेला नाही. पेशी हाकेमुळे उतरली की चुळबुळीमुळे, हे खाली आयएल-८ ठेवून आणि खाली न ठेवून कळतच नाही. आयएल-८ दोन कामं करते. एक, पेशीला दिशा दाखवते, ते केमोटॅक्सिस. दोन, पेशीची हालचाल सर्व दिशांनी वाढवते, ते केमोकायनेसिस. दोन्हींत खालचा आकडा वाढतो.

बॉयडनने १९६२ साली दोन कप्प्यांची ही युक्ती मांडली, पण ही मेख सोडवायला झिगमंड आणि हिर्श यांची १९७३ ची बुद्धिबळाच्या पटाची मांडणी लागली. वरच्या कप्प्यात ०, १०, ३०, १०० आणि खालच्या कप्प्यातही ०, १०, ३०, १००. सोळा घरं. कर्णावरच्या घरांत वरखाली मात्रा समान, म्हणजे उतार नाही. तिथे जी वाढ दिसेल ती केवळ केमोकायनेसिस. कर्णाच्या एका बाजूला खाली जास्त, तिथे कर्णापेक्षा जी वाढ मिळेल ती दिशेची. दुसऱ्या बाजूला वर जास्त. तिथे पेशी वरच थांबायला हव्यात.

सोळा घरं प्रत्येक वेळी परवडत नाहीत. चार तरी करा: वर ० खाली ०, वर ० खाली १००, दोन्हीकडे १००, वर १०० खाली ०. चौथं घर बहुतेक जण वगळतात आणि तेच सगळ्यात बोलकं असतं.

एक खड्डा आहे. वरच्या कप्प्यात आयएल-८ टाकली की पेशींचे रिसेप्टर लगेच असंवेदनशील व्हायला लागतात. त्यामुळे 'दोन्हीकडे १००' चा आकडा कमी आला म्हणजे केमोकायनेसिस नाहीच असं ठामपणे म्हणता येत नाही. तोडगा अर्धाच आहे: वरची मात्रा पेशींत अगदी शेवटच्या क्षणी मिसळायची. पेशी आयएल-८ मध्ये बर्फावर अर्धा तास ठेवून मग प्लेट भरणं हा प्रयोग बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. पूर्ण उत्तर हवं असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीचा माग काढावा लागतो. न्यूट्रोफिल मिनिटाला १० ते १५ मायक्रॉन चालतो, म्हणजे दर १० ते १५ सेकंदांना एक चित्र पुरतं.

पेशीगणक

धन्यवाद. चौथं घर खरंच मांडणीत नव्हतं. टीएनएफचं काय?

भिंतीपलीकडे

टीएनएफची हाक पेशीला नाही, भिंतीला आहे. तुमच्या इन्सर्टमध्ये भिंतच नाही.

शरीरात न्यूट्रोफिल रक्ताच्या ओघात वाहत असतो. केशवाहिन्यांच्या पुढच्या बारीक शिरांमध्ये तो आधी घरंगळतो, मग घट्ट चिकटतो, मग सरपटत अस्तराच्या पेशींच्या सांध्यापाशी जातो आणि पलीकडे शिरतो. घरंगळणं सिलेक्टिन या प्रथिनांमुळे, चिकटणं अस्तरावरच्या आयकॅम-१ ला धरणाऱ्या बीटा-२ इंटेग्रिनमुळे. टीएनएफ आणि आयएल-१ हे अस्तराला सिलेक्टिन आणि आयकॅम बाहेर मांडायला लावतात. आयएल-८ अस्तराच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेटला टांगलेली असते. घरंगळणाऱ्या न्यूट्रोफिलला ती लागली की त्याचे इंटेग्रिन सेकंदाभरात ताठ होतात आणि तो थांबतो.

याचं वेळापत्रक असतं आणि ते न पाळल्याने प्रयोग फसतात. पी-सिलेक्टिन आधीच तयार, वायबेल-पालाडे पिशव्यांत भरलेलं. हिस्टामिन किंवा थ्रोम्बिन लागलं की मिनिटांत बाहेर. ई-सिलेक्टिन नव्याने बनतं: टीएनएफ दिल्यापासून ४ ते ६ तासांनी शिखर, २४ तासांनी बहुतेक गायब. आयकॅम-१ थोडं आधीपासून असतंच, ते २४ तासांपर्यंत चढतं आणि टिकतं. म्हणजे ४ तासांच्या टीएनएफनंतर न्यूट्रोफिल टाकले तर ते घरंगळतील आणि चिकटतील. रात्रभर ठेवून सकाळी टाकले तर घरंगळणं हरवलेलं असेल.

इन्सर्टवर भिंत बांधायची तर: पटलावर फायब्रोनेक्टिन, त्यावर नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशी (ह्युवेक), दुसऱ्या ते चौथ्या पॅसेजच्या, इन्सर्टमागे १ लाख, दोन-तीन दिवसांत अखंड थर. थर फाटका आहे का ते ७० किलोडाल्टनच्या फ्लुरोसंट डेक्स्ट्रानने बघा. वर टाकून अर्ध्या तासाने खाली किती गळलं ते मोजायचं आणि रिकाम्या इन्सर्टशी ताडायचं. टीएनएफ १० नॅनोग्रॅम प्रति मिली, ४ तास. मग दोन्ही कप्पे दोनदा धुवा. चुकतात ते इथेच. टीएनएफ लागलेलं अस्तर स्वतःच आयएल-८ सोडतं, ती वर साठलेली असते आणि उतार उलटा होतो. न धुता पेशी टाकल्या तर त्या वरच बसून राहतात.

आणि न्यूट्रोफिलवर थेट टीएनएफ पडला तर तो बिथरतो, पसरतो, प्लॅस्टिकला चिकटतो. कधी कधी म्हणूनच टीएनएफच्या वेलमधला आकडा माध्यमापेक्षाही खाली जातो.

रक्तबिंदू

वरच्या साखळीतली एकेक कडी तुटली तर काय होतं ते आजारांत दिसतं. बीटा-२ इंटेग्रिनचा भाग असलेलं सीडी१८ नसेल तर लॅड-१ (पांढऱ्या पेशींना चिकटता न येण्याचा जन्मजात आजार). बाळाची नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही, जखमेत पू होत नाही, आणि रक्तात पांढऱ्या पेशी मात्र प्रचंड. पेशी आहेत, वाहिनीबाहेर पडता येत नाही. न्यूट्रोफिलवर सीडी१८ दोन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तीव्र प्रकार धरतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत फ्लो सायटोमेट्रीने हे निदान होतं.

लॅड-२ आणखी गमतीचा, आणि त्याचा धागा मुंबईशीच जुळतो. त्यात सिलेक्टिनला धरायची साखर, म्हणजे फ्युकोजवाली शर्करा, बनत नाही, कारण फ्युकोज गॉल्जीत नेणारा वाहक (एसएलसी३५सी१) बिघडलेला. त्याच फ्युकोजवर रक्तगटाचं एच प्रतिजनही उभं असतं. म्हणून या रुग्णांचा रक्तगट बॉम्बे निघतो, तोच जो डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत नोंदवला.

बाकावरून

म्हणजे बॉम्बे रक्तगटाच्या माणसांचे न्यूट्रोफिल धावत नाहीत?

रक्तबिंदू

नाही, नाही, हा गैरसमज पसरायला नको. नेहमीच्या बॉम्बे गटात एच प्रतिजन बनवणारी एंझाइमं, एफयूटी१ आणि एफयूटी२, बिघडलेली असतात. एच प्रतिजन नसतं, पण फ्युकोजचा पुरवठा शाबूत असतो आणि सिलेक्टिनची शर्करा दुसरी एंझाइमं बनवतात. त्यांचे न्यूट्रोफिल व्यवस्थित घरंगळतात. लॅड-२ मध्ये मुळात फ्युकोजच पोचत नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी जातात. तो जगभरातच अतिदुर्मीळ आहे.

तिरकी_चाल

नकारात्मक कंट्रोलचं कुणी बोललं नाही. केमोकाइनचे रिसेप्टर जी-आय प्रथिनातून बोलतात आणि ते पर्टुसिस टॉक्सिनने कापता येतं. ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर दीड-दोन तास. उपचार केलेल्या पेशी आयएल-८ कडे जायला नकोत. गेल्या, तर ते स्थलांतर तुमच्या रिसेप्टरमुळे नव्हतं. शेजारी बी-ऑलिगोमर लावलेला कंट्रोल हवा, कारण टॉक्सिनचा बांधणारा भागही पेशीला थोडं चाळवतो. आणि दोन तास ३७ अंशांवर नुसत्याच ठेवलेल्या पेशीही हव्यात, न्यूट्रोफिल तेवढ्यात म्हातारे व्हायला लागतात.

डांग्या खोकल्यात रक्तात लिम्फोसाइट का वाढतात, याचंही उत्तर हेच टॉक्सिन. लिम्फोसाइटना लसिका ग्रंथीत परत शिरायची हाक ऐकूच येत नाही, ते रक्तातच साचतात.

शून्य_अंश

मोजणीबद्दल. खालच्या द्रवात तरंगणाऱ्या पेशी मोजून थांबलात तर हिशोब अपुरा. उतरलेल्या बऱ्याच पेशी पटलाच्या खालच्या अंगाला लटकून असतात, काही वेलच्या तळाला चिकटतात. आयएल-८ असलेल्या वेलमध्ये त्या जास्त चिकटतात, म्हणजे चूक एकाच बाजूला झुकते आणि फरक कमी दिसतो. तुमचे ३५ टक्के मला त्यामुळेही कमी वाटतात. वेळ संपली की खालच्या वेलमध्ये ईडीटीए अंतिम ५ मिलिमोलर होईल असा टाका, प्लेट १० मिनिटं बर्फावर, इन्सर्टच्या बाजूवर बोटाने हलकेच टिचकी, मग इन्सर्ट उचला.

मोजायला फ्लो सायटोमीटर आणि ठरावीक संख्येचे मणी सर्वात बरे. कॅल्सिन (पेशीत भरायचा चमकणारा रंग) वापरत असाल तर पेशी २ मायक्रोमोलरला अर्धा तास, आणि प्रमाण-आलेख त्याच दिवशीच्या, त्याच दात्याच्या पेशींचा. कॅल्सिन पेशीतून हळूहळू झिरपतं. कालचा आलेख आज लावला तर खोटं बोलतो.

बुडबुडे: इन्सर्ट तिरका करून द्रवात सोडा. पटलाखाली एक बुडबुडा अडकला की तेवढी भोकं बाद. प्लेट वर धरून खालून बघायला पाच सेकंद लागतात.

उतार

निकाल लिहिताना टक्केवारी की निर्देशांक (आयएल-८ चा आकडा भागिले माध्यमाचा) यावर एक सूचना. दोन्ही लिहा. आयएल-८ ला ३० टक्के आणि माध्यमाला ३ टक्के म्हणजे निर्देशांक १०. ६ आणि ०.६ टक्के असले तरी निर्देशांक १०, पण त्यात १०० पैकी ९४ पेशी हललेल्याच नाहीत. निर्देशांक एकटा छापला की हे झाकलं जातं.

शून्य_अंश

इथे थोडा असहमत. ६ टक्के हलल्या तरी तो निष्कर्ष खरा असू शकतो, टी पेशींचे उपप्रकार तपासताना तसंच दिसतं. पण न्यूट्रोफिलसाठी मान्य. ६ टक्के म्हणजे पेशी काढतानाच मेल्यागत झाल्या.

पेशीगणक

एका पाकिटात १२ इन्सर्ट येतात. सगळं धरून मांडणी अशी करतोय: चार घरं (वर/खाली: ०/०, ०/१००, १००/१००, १००/०), पाचवं खाली १० नॅनोमोलर एफएमएलपी (न्यूट्रोफिलना बोलावणारा जिवाणूंचा पेप्टाइड), सहावं पर्टुसिस टॉक्सिन लावलेल्या पेशी आणि खाली १०० आयएल-८. प्रत्येकी दोन. वेळ ४५ मिनिटं. टीएनएफ या प्लेटमधून काढला, तो ह्युवेकवर वेगळा. बी-ऑलिगोमरला जागा उरत नाही.

तिरकी_चाल

बी-ऑलिगोमर आणि दोन तास नुसत्या ठेवलेल्या पेशी पहिल्या दात्यावर वेगळ्या अर्ध्या प्लेटमध्ये करून घ्या, दर वेळी नको. एफएमएलपीचा स्टॉक डीएमएसओत असेल तर अंतिम डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढाच माध्यमाच्या वेलमध्येही टाका. एफएमएलपी वेगळ्या रिसेप्टरवर काम करतं, त्यामुळे आयएल-८ चं घर पडलं आणि एफएमएलपीचं उभं राहिलं तर दोष कुपीत किंवा सीएक्ससीआरमध्ये. दोन्ही पडली तर दोष पेशींत.

रक्तबिंदू

दाते निवडताना तोंडाने किंवा इंजेक्शनने स्टेरॉइड घेणारे आणि गाउटसाठी कोल्चिसिन घेणारे वगळा. स्टेरॉइडने शिरेच्या भिंतीला टेकलेले न्यूट्रोफिल रक्तात सुटतात, संख्या वाढलेली दिसते आणि सीडी६२एल कमी झालेलं असतं. कोल्चिसिन सूक्ष्मनलिका मोडतं, पेशीची दिशाच बिघडते. संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीत हे निकष आधीच लिहून ठेवा. प्रयोग झाल्यावर दाता वगळला तर परीक्षक विचारतील.

उतार

आणि एका दात्याचे दोन वेल म्हणजे 'एन' दोन नव्हे. ते एकाच आकड्याचे दोन वाचन, त्यांची सरासरी घ्यायची आणि ती एक धरायची. 'एन' दात्यांवरून. माणसामाणसांत आयएल-८ ला मिळणारा प्रतिसाद बराच बदलतो, त्यामुळे तीनवर थांबू नका. पाच-सहा दाते, प्रत्येकाचं ०/० आणि ०/१०० एकाच प्लेटवर, आणि तुलना जोडीने. आलेखात प्रत्येक दात्याचा ठिपका दाखवा आणि त्याचे दोन बिंदू रेघेने जोडा.